गिटारचा छोटा प्रोसेसर: सुरुवात आउटपुटपासून करा

इलेक्ट्रिक गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आजकाल बहुधा पहिल्या वर्षातच मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर येतो. झूमचा जी१ फोर, बॉसचा जीटी-१, न्यूएक्सचा एमजी-३००, मूअरचा जीई१५० ही त्यांतली परिचित नावे. पाठपिशवीत मावणाऱ्या या पेटीत ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट), निरनिराळ्या ॲम्पची आणि स्पीकर-कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची) नक्कल, कोरस (आवाज जाड आणि डोलता करणारा), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (खोलीसारखी घुम), तालाची साथ आणि लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारी सोय) एवढे सगळे मिळते. ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याहून वाशीला सरावाला जाणाऱ्या वादकाला गिटारबरोबर जड ॲम्प वाहावा लागत नाही, ही तर मोठीच सोय आहे. तरीही अनेक नव्या वादकांची निराशा याच पेटीपाशी होते, कारण घरी हेडफोनवर भरदार वाटलेला आवाज सोसायटीच्या गणेशोत्सवात साउंड सिस्टीमवर गेला की एकदम कर्कश किंवा गढूळ ऐकू येतो आणि दोष उपकरणाच्या माथी मारला जातो. दोष बहुतेक वेळा मांडणीच्या क्रमात असतो. प्रोसेसरमधून बाहेर पडणारा आवाज हेडफोनमध्ये जाणार आहे, गिटारच्या ॲम्पमध्ये जाणार आहे की मिक्सरमध्ये, हे सर्वांत आधी ठरवावे लागते आणि मगच बाकीच्या नॉबना हात लावावा लागतो. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

वीज आणि जोडणी

बहुतेक छोटे प्रोसेसर ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. घरातील वाय-फाय राउटरचा अ‍ॅडॅप्टर दिसायला अगदी तसाच असतो, त्याची पिनही पुष्कळदा नेमकी बसते, परंतु तो सहसा १२ व्होल्टचा आणि मधला भाग धन असलेला असतो. तो जोडल्यास प्रोसेसर कायमचा बिघडू शकतो. म्हणून अ‍ॅडॅप्टरवरील तीन गोष्टी प्रोसेसरच्या पुस्तिकेशी ताडून पाहाव्यात: व्होल्ट तेवढेच असावेत, धन-ऋणाची खूण तीच असावी आणि मिलिअँपिअरचा आकडा प्रोसेसरला लागतो तेवढा किंवा त्याहून अधिक असावा. जी१ फोर आणि जीटी-१ हे दोन्ही चार पेन्सिल सेलवरही चालतात. सेल वापरात नसताना आत ठेवू नयेत, कारण गळलेला सेल आतले संपर्क खराब करतो.

जोडणी करताना आधी प्रोसेसरचा आणि ॲम्पचा आवाज शून्यावर आणावा, गिटारची केबल इनपुटमध्ये लावावी, मग आउटपुटची केबल जोडावी, त्यानंतर प्रोसेसर सुरू करावा आणि सर्वांत शेवटी ॲम्प किंवा स्पीकर. बंद करताना हाच क्रम उलटा ठेवावा. यामुळे स्पीकरमधून येणारा जोरदार ठोका टळतो. गिटारसाठी शिल्डेड मोनो केबलच घ्यावी. स्पीकरची केबल दिसायला सारखी असली तरी तिला शिल्ड नसते आणि ती गिटारला लावली की घरघर सुरू होते.

आउटपुट कुठे जाणार, हे आधी ठरवा

गिटारच्या ॲम्पमधील १२ इंची स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या पुढचे स्वर झपाट्याने गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमुळे (ओव्हरड्राइव्हहून अधिक खरखर आणणाऱ्या इफेक्टमुळे) निर्माण होणारी तीक्ष्ण करकर त्यामुळे आपल्या कानांपर्यंत पोहोचतच नाही आणि जो उरतो तोच आपल्या ओळखीचा रॉक गिटारचा आवाज असतो. हेडफोन आणि साउंड सिस्टीमचे स्पीकर मात्र २० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत सर्व काही वाजवतात. म्हणून हेडफोनवर किंवा मिक्सरमध्ये थेट जाताना प्रोसेसरमधील कॅबिनेटची नक्कल चालू असलीच पाहिजे; ती बंद राहिली तर डिस्टॉर्शनचा आवाज माशीच्या गुणगुणीसारखा पातळ आणि बोचरा होतो. याउलट प्रोसेसर खऱ्या गिटार-ॲम्पला जोडला असेल तर कॅबिनेटची नक्कल बंद करावी, कारण खरा स्पीकर ते काम करणारच असतो आणि दोनदा गाळलेला आवाज कोंडल्यासारखा वाटतो.

ॲम्पच्या पुढील इनपुटमध्ये प्रोसेसर जोडताना आणखी एक अडचण येते: प्रोसेसरमधील ॲम्पची नक्कल आणि खऱ्या ॲम्पचा प्रीॲम्प (आवाज घडवणारा त्याचा पहिला टप्पा) असे दोन प्रीॲम्प एकामागोमाग येतात. अशा वेळी एक तर प्रोसेसरमधील ॲम्प बंद ठेवून फक्त इफेक्ट वापरावेत, नाहीतर ॲम्पच्या मागे ‘रिटर्न’ नावाचा जॅक असल्यास तिथे जोडावे, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प मार्गातून वगळला जातो. बॉस जीटी-१ मध्ये आउटपुट कशाला जोडला आहे हे निवडण्याची स्वतंत्र सोय आहे आणि तिथे लाइन किंवा हेडफोन निवडले तरच स्पीकरची नक्कल लागू होते. इतर उपकरणांत ही सोय निराळ्या नावाने असू शकते किंवा कॅबिनेटचा ब्लॉक (एका इफेक्टची जागा) प्रत्येक पॅचमध्ये (जतन केलेल्या मांडणीत) वेगळा बंद करावा लागतो. पुस्तिकेतील हे एक पान तरी नव्या वादकाने नक्की वाचावे, असा माझा आग्रह आहे.

ठाणे किंवा नवी मुंबईतील फ्लॅटमध्ये बहुतेकांचा सराव हेडफोनवरच होतो आणि ते योग्यच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे व रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ ही वेळ धरली जाते. हेडफोन वायरचाच घ्यावा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये तार छेडल्यानंतर आवाज जाणवण्याइतका उशिरा पोहोचतो आणि तालात वाजवणे अशक्य होते.

सुरात लावणे

प्रोसेसरमधील ट्यूनर फूटस्विच दाबून धरल्यावर किंवा दोन स्विच एकत्र दाबल्यावर सुरू होतो आणि त्या वेळी बहुतेक उपकरणे आवाज बंद करतात, त्यामुळे मंचावर श्रोत्यांना न ऐकवता गिटार लावता येते. ट्यूनरचा आधारस्वर सहसा ४४० हर्ट्झ असतो, म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी सहा (ए हा स्वर; गिटारची पाचवी तारही याच स्वराची). आपल्याकडच्या सुगम संगीताच्या कार्यक्रमात हार्मोनियमची साथ असेल तर ती तंतोतंत ४४० वर असेलच असे नाही, आणि हार्मोनियमचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत. तेव्हा गिटारनेच तिच्याकडे जावे. ट्यूनर सुरू करून हार्मोनियमवादकाला पांढरी सहा धरायला सांगावी, गिटारची पाचवी तार कानाने त्या सुराशी मिळवावी, ट्यूनरचा आधारस्वर एकेक हर्ट्झने पुढे-मागे करत ती तार नेमकी सुरात दाखवेल तिथे थांबावे आणि मग उरलेल्या तारा त्या आधारस्वरावर लावाव्यात. घरी आल्यावर तो पुन्हा ४४० वर आणण्यास विसरू नये.

कोरा पॅच

कंपनीने भरून दिलेले पॅच उपकरणाची सर्व करामत एका दमात दाखवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांत डिले आणि रिव्हर्ब सढळ हाताने घातलेले असतात, गेन (खरखरीची मात्रा) भरपूर असतो, आणि दुकानात एकट्याने वाजवताना ते फार आकर्षक वाटतात. शिकण्यासाठी ते निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नये. एक रिकामा पॅच घ्यावा, त्यातील प्रत्येक ब्लॉक बंद करावा आणि गिटारचा व्हॉल्यूम व टोन पूर्ण उघडून सर्व तारा जोराने छेडाव्यात. काही उपकरणांत इनपुटची पातळी दाखवणारा दिवा किंवा पट्टी असते. ती लाल होत असेल तर इनपुटची संवेदनशीलता कमी करावी. हंबकर पिकअप (तारांचे कंपन टिपणारे, दोन कॉइलचे जोरकस भाग) असलेल्या गिटारला याची गरज अधिक वेळा पडते.

आता फक्त ॲम्पचा ब्लॉक चालू करावा, तोही स्वच्छ आवाजाचा, आणि हेडफोनवर असाल तर सोबत कॅबिनेट. बास, मिड आणि ट्रेबल मधोमध ठेवून दहा-पंधरा मिनिटे नुसते वाजवावे. पिक हलकी लागली की आवाज मऊ येतो का, जोरात लागली की उघडतो का, गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की काय होते, पुढचा आणि मागचा पिकअप यांत किती फरक आहे, हे या कोऱ्या आवाजावरच कळते. हाताच्या वजनाला प्रतिसाद न देणाऱ्या आवाजावर पुढे कितीही इफेक्ट चढवले तरी तो जिवंत होत नाही. हा पॅच ‘कोरा’ अशा एखाद्या नावाने पहिल्या क्रमांकावर जतन करावा आणि पुढचा प्रत्येक पॅच त्याच्या प्रतीवरून बनवावा. पॅच जतन केल्याशिवाय दुसऱ्या पॅचवर गेल्यास बहुतेक उपकरणांत केलेले बदल पुसले जातात, हे ध्यानात ठेवावे; काही उपकरणे बदल आपोआप जतन करतात आणि तिथे धोका नेमका उलटा, म्हणजे चांगला पॅच नकळत बिघडण्याचा असतो.

इफेक्टचा क्रम

रूढ क्रम असा आहे: वाह (पायाने ‘वा-वा’ करणारा इफेक्ट) आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज समान करणारा), मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मग ॲम्प आणि कॅबिनेट, मग कोरस-फेझरसारखे डोलणारे इफेक्ट, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. यामागे साधे कारण आहे. डिस्टॉर्शन हलक्या आवाजालाही उचलून मोठे करते. रिव्हर्ब त्याच्या आधी ठेवला तर विरत जाणारी घुमही डिस्टॉर्शनमध्ये सापडते आणि प्रत्येक स्वर पुढच्या स्वरावर सांडतो. नवख्याने काही महिने या क्रमाशीच राहावे. क्रम मोडून मिळणारे आवाजही सुंदर असतात, पण आधी नेहमीचा क्रम कानात बसला पाहिजे.

लहान उपकरणात एका वेळी किती इफेक्ट चालतात यावर मर्यादा असते. जी१ फोरमध्ये एका पॅचमध्ये पाच इफेक्ट बसतात आणि त्यातच ॲम्पही मोजला जातो. मला ही मर्यादा हिताचीच वाटते. ॲम्प, ड्राइव्ह, डिले आणि रिव्हर्ब एवढ्यावर बहुतेक गाणी उत्तम वाजतात.

गेन आणि घरघर

गेनचा नॉब वाढवला की आवाज लांबतो, बोटांच्या चुका झाकल्या जातात आणि वाजवणे सोपे वाटते. म्हणूनच नवा वादक तो वाढवतच नेतो. बँडमध्ये मात्र जास्त गेनचा आवाज पिकचा आघात हरवून बसतो आणि ड्रम व कीबोर्डच्या मागे विरघळून जातो. एकट्याने वाजवताना जेवढा गेन पुरेसा वाटतो त्याहून थोडा कमी ठेवावा आणि जतन करण्यापूर्वी तीन-चार स्वरांचे कॉर्ड वाजवून प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो का, हे तपासावे.

गेनबरोबर घरघरही वाढते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि सिंगल कॉइल पिकअप भोवतालच्या तारांमधील ते कंपन सहज पकडतात. गिटार हातात घेऊन जागच्या जागी सावकाश वळावे. एखाद्या दिशेला घरघर कमी होत असेल तर ती पिकअपमधून येत आहे असे समजावे आणि चोक असलेल्या ट्यूबलाइटपासून, पंख्याच्या रेग्युलेटरपासून व संगणकाच्या पडद्यापासून दूर बसावे. प्रोसेसर लॅपटॉपला जोडला असताना घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर तो चार्जरच्या जोडणीमुळे, बहुधा ग्राउंड लूपमधून (अर्थिंगच्या तारांच्या वेटोळ्यातून) येत होता असे समजावे. एवढे करूनही जे उरेल त्यासाठी नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) वापरावा. गिटारचा व्हॉल्यूम उघडा ठेवून तारांवर हात ठेवावा आणि घरघर जिथे थांबेल तिथपर्यंतच गेटची पातळी वाढवावी. त्यापुढे गेल्यास लांबवलेला शेवटचा स्वर मध्येच तुटतो, आणि भावगीताच्या संथ मुखड्यात तो दोष लगेच कानावर येतो.

घरातला आवाज आणि मंचावरचा आवाज

हा भाग सर्वांत अधिक महत्त्वाचा आहे. माणसाचा कान सर्व स्वर सारख्याच तीव्रतेने ऐकत नाही, आणि हा असमतोल आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांनी हे दाखवून दिले: हळू आवाजात कानाला खर्जाचे स्वर फारच कमी ऐकू येतात आणि अगदी वरचेही काहीसे दबतात, आवाज मोठा होत जातो तसा हा फरक घटतो. याचा गिटारवादकासाठी अर्थ असा की, रात्री हळू आवाजात पॅच बनवताना आपण नकळत बास आणि ट्रेबल वाढवतो व मिड कमी करतो, कारण तेव्हा कानाला तेच भरीव वाटते. तोच पॅच मंचावर ९० डेसिबलच्या पुढे गेला की वाढवलेला बास गडगडतो, ट्रेबल टोचतो आणि ज्या मधल्या पट्टीत गिटारचा खरा आवाज राहतो ती रिकामी पडते. कुणालाच गिटार ऐकू येत नाही आणि वादक व्हॉल्यूम वाढवत राहतो.

उपाय अवघड नाही. घरच्या पॅचची एक वेगळी प्रत कार्यक्रमासाठी बनवावी. त्या प्रतीत बास थोडा उतरवावा, मिड मधोमध किंवा किंचित वर ठेवावा, आणि ईक्यूमध्ये (स्वरपट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या ब्लॉकमध्ये) सोय असल्यास सुमारे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे आणि ६ ते ८ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर कापावेत. गिटारची सर्वांत जाड तार मुळात ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, त्यामुळे तिच्या खालच्या भागात गिटारला सांगण्यासारखे काही नसते. ती जागा बास गिटारला, ढोलकीच्या धूमला आणि ड्रमच्या किकला मोकळी मिळते. गायनाची स्पष्टता २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, म्हणून गाण्याच्या मागे साथ करतानाच्या पॅचमध्ये तिथे थोडी माघार घ्यावी आणि एकट्या गिटारच्या तुकड्यासाठीच्या पॅचमध्ये ती परत भरून काढावी. हा पॅच एकदा तरी सरावाच्या खोलीत, पूर्ण बँडबरोबर, मंचाइतक्या आवाजात तपासावा.

डिलेचे गणित

डिले कानाने लावता येतो, पण गाण्याच्या लयीशी जुळवलेला डिले साथीला कुठेही अडत नाही. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा, त्या आकड्याने) भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. लय १२० असेल तर ५०० आणि १०० असेल तर ६००. त्याचे पाऊणपट केले की ३७५ आणि ४५० मिळतात. हा पाऊण मात्रेचा डिले १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यूटू या बँडला प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या कानात नक्की असेल, कारण त्यांचे गिटारवादक द एज यांच्या वादनशैलीचा तो कणा आहे. वादक सरळ अर्ध्या मात्रांचे स्वर वाजवतो आणि परत येणारा डिले त्यांच्या मधल्या जागा भरतो. सरावासाठी प्रोसेसरमधील ताल १०० वर लावावा, डिले ४५० वर ठेवून पुनरावृत्ती दोन-तीनच ठेवाव्यात आणि डिलेचा आवाज मूळ स्वरापेक्षा थोडाच कमी असावा. फूटस्विचने लय ठोकण्याची सोय असेल तर कार्यक्रमात तीच वापरावी, कारण प्रत्यक्ष गाण्याची लय कागदावरच्या आकड्याहून थोडी चढते.

चार पॅच पुरेत

पहिल्या कार्यक्रमासाठी स्वच्छ, हलका खरखरीत, सोलोसाठीचा आणि डिले-रिव्हर्बने भरलेला संथ गाण्यांसाठीचा, असे चार पॅच शेजारशेजारच्या क्रमांकांवर ठेवावेत. त्यांच्या आवाजाची पातळी एकमेकांशी जुळवणे हे कंटाळवाणे पण अनिवार्य काम आहे. एकच कॉर्ड त्याच जोराने वाजवून पॅच बदलत राहावे आणि प्रत्येकाची पॅच-पातळी समान करावी. सोलोचा पॅच तेवढा ३-४ डेसिबलने वर असावा. हे काम हेडफोनवर न करता स्पीकरवर करावे, कारण डिस्टॉर्शनचा दाबलेला आवाज हेडफोनवर प्रत्यक्षाहून मोठा वाटतो.

काही छोट्या प्रोसेसरमध्ये पॅच बदलताना क्षणभर आवाज तुटतो आणि आधीच्या पॅचच्या डिलेची शेपूट कापली जाते. एकाच गाण्यात स्वच्छ आणि ड्राइव्ह असे दोन्ही हवे असतील तर पॅच बदलण्याऐवजी एकाच पॅचमध्ये राहून फूटस्विचने फक्त ड्राइव्हचा ब्लॉक चालू-बंद करावा. उभे राहून, बूट घालून, खाली न पाहता हे जमेपर्यंत घरी सराव करावा.

मंचावर

गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह अशा सभागृहांत मिक्सरपर्यंतचे अंतर मोठे असते. प्रोसेसरच्या जॅकमधून निघणारी साधी मोनो केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेल्यास वाटेत घरघर पकडते, म्हणून साउंडवाल्या दादांकडे डीआय बॉक्स (लांब केबलसाठी आवाजाचा सिग्नल मिक्सरला योग्य करणारी छोटी पेटी) आधीच मागून ठेवावा. डीआय नसेल आणि केबल थेट मिक्सरला लागणार असेल तर त्या चॅनलचा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मायक्रोफोनसाठी मिक्सरने केबलमधून दिलेली वीज) बंद आहे ना, हे त्यांना नम्रपणे विचारावे. कॅबिनेटची नक्कल चालू आहे याची स्वतः खात्री करावी. मिक्सर मोनो असेल तर दोन बाजूंना फिरणारे स्टिरिओ इफेक्ट टाळावेत आणि प्रोसेसरचा मोनो आउटपुट वापरावा. काही छोट्या उपकरणांत आउटपुट आणि हेडफोन यांना एकच स्टिरिओ जॅक असतो, तिथे मोनो केबल लावल्यावर एकाच बाजूचा आवाज पुढे जातो का, हे घरीच तपासून घ्यावे. साउंडचेकला आधी सर्वांत मोठा पॅच द्यावा. पातळी ठरल्यावर प्रोसेसरचा मुख्य व्हॉल्यूम पुन्हा हलवू नये. सभागृहाचा घुम जाणवत असेल तर रिव्हर्ब कमी करावा, कारण सभागृह स्वतःचा रिव्हर्ब आधीच देत असते.

पावसाळा आणि जतन

जून ते सप्टेंबरमधील इथली दमट हवा जॅकवर आणि फूटस्विचच्या संपर्कांवर गंज चढवते. प्रोसेसर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवावा आणि केबलची टोके महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावीत. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेल्या थंड उपकरणावर बाष्प जमते. अशा वेळी ते पिशवीतून काढल्याबरोबर सुरू न करता काही वेळ तसेच राहू द्यावे.

यूएसबीने संगणकाला जोडून पॅचची प्रत काढण्याची सोय बहुतेक नव्या प्रोसेसरमध्ये असते, मात्र सर्वच प्रोसेसर यूएसबीवरून ध्वनिमुद्रणही करू देतात असे नाही, त्यामुळे ती अपेक्षा असल्यास खरेदीपूर्वीच पुस्तिकेत पाहावे. कंपनीची नवी प्रणाली (फर्मवेअर) प्रोसेसरमध्ये भरण्यापूर्वी प्रत काढणे आवश्यक आहे, कारण त्या प्रक्रियेत जतन केलेले पॅच पुसले जाऊ शकतात. ती भरत असताना वीज गेली तर उपकरण सुरूच न होण्याचा धोका असतो; म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, प्रोसेसरला पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे खात्रीचा वीजपुरवठा द्यावा आणि काम पूर्ण झाल्याची सूचना पडद्यावर येईपर्यंत केबलला हात लावू नये.